ज्याचा जीव, त्याचा फासा

‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा पहिला भाग आठवतोय? १९८३ सालच्या नोव्हेंबरमधली रात्र. तळघरात चार पोरं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतायत आणि समोर डेमोगॉर्गन उभा ठाकलाय. विल फायरबॉल टाकतो. तेरा किंवा जास्त हवेत. फासा टेबलावरून घरंगळून खाली जातो, नेमकं किती पडले ते कुणालाच दिसत नाही. घरी निघताना विल माईकला खरं सांगून टाकतो: सात पडले होते.

प्रसंग छान आहे, पण नियमात बसत नाही. त्या काळच्या नियमांत फायरबॉल लागला की नाही यासाठी टाकणारा फासा टाकतच नाही. ज्याच्या अंगावर आग येतेय, तो टाकतो. म्हणजे तो फासा डेमोगॉर्गनचा होता. मला मालिकेची चूक काढायची नाही. पण ही चूक फार साहजिक आहे, कारण आपल्या सगळ्यांना वाटतं की जो काहीतरी करतो त्याने फासा टाकावा. ज्याच्यावर ते होतंय त्याच्या हातात फासा कशाला?

या कशालाचं उत्तर म्हणजे सेव्हिंग थ्रो. आणि माझं स्पष्ट मत आहे की गेल्या पंचवीस वर्षांत या सुंदर नियमाची वाट लागली आहे. ती लावली माझ्यासारख्या लोकांनी, ‘लॉजिक’च्या नावाखाली.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग आणि त्यातले राक्षस चालवतो. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र असतं. कुणी तलवार चालवणारा फायटर, कुणी मंत्र टाकणारा विझार्ड. तलवारीने वार करायचा असेल तर वार करणारा वीस बाजूंचा फासा टाकतो. पण विष, जादू, ड्रॅगनच्या तोंडची आग असं काही अंगावर आलं की डीएम तुमच्याकडे बघून म्हणतो, “सेव्ह टाक.” हवा तो आकडा किंवा त्याहून जास्त पडला तर वाचलात, किंवा निदान निम्म्यावर निभावलं. नाही पडला तर भोगा.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ बाजारात आला तेव्हा त्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या. पहिल्या पुस्तिकेत सेव्हिंग थ्रोचा तक्ता आहे. त्यात पाच रकाने: मृत्युकिरण किंवा विष, जादूच्या कांड्या, दगड होणं, ड्रॅगनचा श्वास, आणि जादूचे सोटे व मंत्र. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसलो होतो. कांडी वेगळी आणि सोटा वेगळा का? विष आणि मृत्युकिरण एकाच रकान्यात कसे? कुणीतरी डिझाइन न करता थेट प्रॉडक्शनवर कोड ढकलावा तसा तो तक्ता वाटला.

मग मी आकडे नीट वाचले. नवख्या फायटरला मंत्रापासून वाचायला १६ लागतात, म्हणजे २५ टक्के शक्यता. तोच फायटर तेराव्या लेव्हलला पोचला की ८ पुरतात, म्हणजे ६५ टक्के. विषासाठी १२ वरून ४, म्हणजे ४५ टक्क्यांवरून ८५. मंत्र कुणी टाकला, तो किती हुशार, त्याचा क्लास कोणता, हे तक्ता विचारतच नाही. तो एवढंच विचारतो की तू कोण आहेस आणि आजवर किती संकटांतून निभावून आलास. जितकं जास्त निभावलंस, तितकं पुढचं निभावणं सोपं.

हे ‘लॉजिकल’ नाही अशी तक्रार तेव्हाही झाली होती. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्सने तिला उत्तर दिलंय. तक्रार अशी: खडकाला साखळ्यांनी बांधलेल्या माणसावर ड्रॅगनने आग ओकली, तर तो काय डोंबल वाचणार? गायगॅक्सचं म्हणणं, का नाही वाचणार? आग ओकणारा ड्रॅगन तुम्हाला चालतो आणि हा माणूस वाचलेला चालत नाही? कदाचित शेवटच्या क्षणी त्याला खडकात एखादी फट सापडली असेल, कदाचित साखळीतून सुटायला जमलं असेल. आधी फासा पडू दे. तो वाचला असेल, तर कसा वाचला ते मग शोधू.

हा क्रम उलटा वाटतो, पण सगळी मजा त्यातच आहे. चपळाई किती, ताकद किती हे मोजून निकाल लावायचा असेल तर साखळीतल्या माणसाची शक्यता शून्य आहे, विषय संपला. सेव्हिंग थ्रो म्हणतो की विषय संपलेला नाही. पात्राकडे करण्यासारखं काहीच उरलेलं नसताना खेळाडूच्या हातात हा एक फासा उरतो.

मग आली २००० सालची तिसरी आवृत्ती. पाच विचित्र रकाने गेले, तीन नीटनेटके आले: फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स, विल. म्हणजे शरीराचा चिवटपणा, चपळाई आणि मनाचा निश्चय. कुठलाही इंजिनिअर खूश होईल असं रिफॅक्टरिंग. पण त्याबरोबर आणखी एक बदल आला. आता हवा तो आकडा मंत्र टाकणाऱ्याच्या बुद्धीवर आणि मंत्राच्या लेव्हलवर ठरू लागला. तुमच्या अनुभवाचा तक्ता जाऊन तुमची आणि हल्लेखोराची शर्यत सुरू झाली.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ही शर्यत कुठे पोचते ते बघा. आता सहा गुणांचे सहा सेव्ह आहेत, आणि प्रत्येक क्लासला त्यातल्या फक्त दोनांत प्रावीण्य मिळतं. उरलेले चार पहिल्या लेव्हलला जिथे असतात, साधारण तिथेच राहतात. फायटरचं प्रावीण्य ताकद आणि चिवटपणा यांत. मनावरचे हल्ले मात्र विझ्डमवर येतात. समजा त्याचा विझ्डम १० आहे, म्हणजे बोनस शून्य. पहिल्या लेव्हलला समोरच्या विझार्डचा आकडा साधारण १३ असतो. वाचायची शक्यता ४० टक्के. आता हा फायटर विसाव्या लेव्हलला गेला. ड्रॅगन मारले, राज्यं वाचवली, आणि समोर लिच आला, मरणाला फसवून उरलेला जुना जादूगार. त्याचा आकडा २०. आपल्या वीराला फाशावर वीसच पडायला हवेत. शक्यता पाच टक्के.

म्हणजे १९७४ मध्ये मंत्रापासून वाचण्याची शक्यता आयुष्यभराच्या अनुभवाने २५ वरून ६५ वर जायची. आज ती ४० वरून ५ वर येते. अनुभवी माणूस जितका मोठा होतो तितका केविलवाणा होतो. याला सुधारणा म्हणायचं?

हे सगळं मला कागदावर कळलं नाही. पुण्यात आमचं शनिवार संध्याकाळचं टेबल होतं: ऑफिसमधले चौघं खेळायचे आणि डीएम मी. आमचा फायटर आठव्या लेव्हलचा, विझ्डम ८, म्हणजे बोनस उणे एक. एका लढाईत मी त्याच्यावर ‘होल्ड पर्सन’ टाकला. माणूस जागच्या जागी गोठतो, आणि प्रत्येक पाळीच्या शेवटी सुटायला पुन्हा सेव्ह टाकतो. माझ्या जादूगाराचा आकडा १६ होता, म्हणजे त्याला फाशावर १७ हवे होते. पहिला गेला. मग दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. आमची एक फेरी दहा-बारा मिनिटांची. पाऊण तास त्याचं काम एवढंच: दर दहा मिनिटांनी फासा टाकायचा, “नाही” म्हणायचं आणि पुन्हा मोबाइल उचलायचा.

खेळ संपल्यावर तो म्हणाला, “अरे, मी आज आलोच कशाला?” आणि मी, डीएम, इंजिनिअर, त्याला समजावलं. दर वेळी हुकण्याची शक्यता ८० टक्के, पाच वेळा सलग हुकण्याची जवळपास ३३ टक्के, म्हणजे तिनात एक, त्यात विशेष काही नाही. आणि विझ्डमला ८ तूच ठेवलास ना? मग तुझीच चूक. गणित बरोबर होतं. पुढचे दोन शनिवार त्याला काम निघालं, आणि मग त्याने येणंच बंद केलं.

त्या दिवशी मी एका खराब नियमाचा दोष त्या नियमात सापडलेल्या माणसाच्या गळ्यात मारला. हे आपल्याला फार सहज जमतं. सिस्टिम योग्य आहे, तूच स्वतःला नीट घडवलं नाहीस. ऑफिसात असं कुणी म्हटलं की आपण चिडतो. खेळात तेच मी मित्राला म्हणालो.

आता आक्षेप. पहिला: मोठ्या जादूगाराचा मंत्र जड पडायला नको का? पडू दे. नुकसान जास्त होऊ दे, परिणाम भयंकर होऊ दे. पण वाचण्याची आशाच खाऊन टाकायची हे जड पडणं कसलं? दुसरा: पॅलाडिन शेजारी उभा राहिला की त्याच्या तेजाने सगळ्यांचे सेव्ह सुधारतात, मग टीमवर्क करा. म्हणजे जीव वाचवायचा तर ओळखीचा माणूस जवळ हवा. याला आपल्याकडे वशिला म्हणतात. तिसरा: नवव्या लेव्हलला फायटरला हुकलेला सेव्ह पुन्हा टाकता येतो. येतो, आणि लिचसमोर पाच टक्क्यांचे जवळपास दहा होतात. २०२४ च्या सुधारित नियमांत या दुसऱ्या फाशाला फायटरची अख्खी लेव्हल बोनस म्हणून मिळते. म्हणजे अनुभवी माणूस अनुभवानेच वाचला पाहिजे हे कर्त्यांनाही पटलं. फक्त मूळ बग तसाच ठेवून त्यांनी एका क्लासपुरता पॅच टाकला.

चौथा आक्षेप जास्त हुशार आहे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने या बाबतीत फासा सरळ हल्लेखोराकडे दिला: त्याने टाकायचा आणि तुमच्या बचावाच्या ठरलेल्या आकड्याशी ताडून बघायचा. शक्यता तीच, मग फासा कुणी का टाकेना? गणिताने खरं आहे. पण लुडो खेळलेल्या कुणालाही विचारा. आपल्याला सहा हवेत तेव्हा फासा दुसऱ्याने टाकलेला चालतो का? आपण तो मुठीत घेतो, फुंकर मारतो, मनातल्या मनात नवस बोलतो. संभाव्यतेत याने काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो हरल्यावर. स्वतःच्या हाताने हरलेला माणूस टेबलावर बसून राहतो. दुसऱ्याने परस्पर निकाल लावलेला माणूस उठून जातो.

आणि सगळ्यात संतापजनक गोष्ट. पाचव्या आवृत्तीत मोठ्या राक्षसांना ‘लेजंडरी रेझिस्टन्स’ असतो. प्रौढ ड्रॅगनचा सेव्ह हुकला, तर तो दिवसातून तीनदा सरळ म्हणू शकतो, “नाही, वाचलो.” फासाबिसा काही नाही. कारण उघड आहे: एका मंत्रात ड्रॅगन गोठला तर लढाईची मजा जाईल. म्हणजे पाऊण तास गोठून राहणं कंटाळवाणं असतं हे कर्त्यांना माहीत होतं. त्यांनी इलाज केला, पण तो ड्रॅगनसाठी. ड्रॅगनला घरी जाऊन दुसऱ्या शनिवारी काम निघत नाही हो! काम निघतं ते माणसाला.

जुन्या खेळाचे गोडवे गाणं हा माझा उद्योग नाही. १९७४ मध्ये मी नव्हतोच. तेव्हा विषाचा सेव्ह हुकला की पात्र मेलं, तास-दोन तास घडवलेलं असो की दोन वर्षं. तो क्रूरपणा गेला ते बरंच झालं. कांडी आणि सोटा वेगळे ठेवायचीही गरज नाही. पण पाळण्यातलं घाण पाणी फेकताना आपण बाळही फेकलं.

काही डीएम यावर दयेचा उपाय करतात. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तेच सेव्ह टाकतात आणि आकडा न दाखवता “वाचलास” म्हणतात. मीही केलंय. यानेही तोच हक्क जातो, फक्त गोड बोलून. वाचवलेला आणि वाचलेला यांतला फरक खेळाडूला बरोबर कळतो. विलचा सात कुणी पाहिला नव्हता. बारा वर्षांच्या त्या पोराला खोटं बोलून सुटता आलं असतं. तरी त्याने सांगितलं, कारण फासा त्याने स्वतः टाकला होता.

तर तुमच्या टेबलासाठी तीन गोष्टी. एक, खेळाडूंना सहाही सेव्हमध्ये प्रावीण्य द्या. क्लासच्या दोन सेव्हना वर आणखी +२ द्या, म्हणजे त्यांचं वेगळेपण राहील. लिचसमोर आपल्या वीराची शक्यता पाचवरून ३५ टक्क्यांवर येते. तरीही तो बहुतेकदा हरेल, पण फासा उचलताना त्याला उचलावासा वाटेल. दोन, ज्याने माणूस पूर्ण गोठतो असा परिणाम दोन फेऱ्यांपलीकडे नेऊ नका. तीन, सेव्ह नेहमी ज्याचा त्यानेच टाकायचा, सगळ्यांसमोर.

आम्ही आठ महिने असं खेळतोय. आमचा विझार्ड सुरुवातीला कुरकुरला, की आता शत्रूच्या जादूचा धाक कमी झाला. खेळ सोपा झालेला नाही. गेल्या महिन्यात दोन पात्रं मेली. दोघांनीही शेवटचा फासा स्वतः टाकला होता, आणि दोघंही पुढच्या शनिवारी नवीन पात्रं घेऊन हजर होते.

त्या जुन्या फायटरला मी मेसेज केला. चूक माझी होती, नियम बदललेत, ये. त्याने हसऱ्या चेहऱ्याचा इमोजी पाठवला आणि लिहिलं की शनिवारी आता फुटबॉल असतो. बरोबर आहे. माझा सेव्ह हुकला. पण तुमच्या टेबलावर आत्ता कुणीतरी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं असेल, तर त्याला हाक मारा आणि फासा त्याच्या हातात द्या.