स्वस्ताईची हमाली

पगार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी शहरातल्या कुठल्याही मोठ्या मार्टात शिरून बघा. दारातच रखवालदार तुमची पिशवी प्लास्टिकच्या पट्टीने आवळून टाकतो. पैसे खर्चायला आलेल्या माणसाचं हे स्वागत! मग एक चाक अडणारी ट्रॉली (आमच्या वाट्याला हमखास तीच येते). आणि ज्यासाठी आलो ती तूरडाळ सगळ्यात आत. तिथवर पोचेपर्यंत ट्रॉलीत दोन डबे, एक चादर आणि यादीत नसलेली बिस्किटं पडलेली असतात.

वाण्याकडे यादी टाकली की पुढचं काम त्याचं. इथे शोधायचं आपण, ओढायचं आपण, भरायचं आपण, आणि पिशवी विसरलो तर तिचेही पैसे आपणच मोजायचे. स्वस्त मिळतं, हे मात्र नाकारण्यात अर्थ नाही. 2002 साली पवईत डी-मार्टचं पहिलं दुकान निघालं. छापील किमतीपेक्षा रोजच कमी दर, हा त्यांचा खाक्या. मध्यमवर्गाचा महिन्याचा बाजार वाण्याकडून तिकडे वळला तो उगाच नाही.

पण सगळंच स्वस्त नसतं. ‘फॅमिली पॅक’ म्हणजे फायदा, हे आपणच धरून चालतो. पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात एककाचा दर छापलेला असतो, तो वाचावा. गंमत अशी की किलोच्या आतल्या पुड्यावर तो ग्रॅममागे आणि वरच्यावर किलोमागे असतो. म्हणजे 0.24 रुपये आणि 255 रुपये यांची तुलना गर्दीत, धक्के खात, तोंडी करायची. हजाराने गुणलं की कळतं, छोटा पुडाच स्वस्त!

मागे एकदा शेंगदाण्यांखाली फळीवर 129 ची चिठ्ठी होती, बिलात लागले 149. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, “काकू, ऑफर काल संपली, लेबल काढायचं राहिलंय.” मागची रांग चुळबुळायला लागली. वीस रुपयांसाठी खोळंबा करणारी बाई म्हणून माझ्याकडे बघणं सुरू झालं. त्या मुलीचा काय दोष? दिवसभर उभी असते बिचारी. पण मीही हटले नाही. सुपरवायझर आला, फळीपर्यंत जाऊन चिठ्ठी बघून आला आणि मुकाट्याने वीस रुपये कमी केले. रांगेची लाज वाटून किती जण असे वीस-वीस रुपये सोडून देत असतील?

तेव्हा दारातला शिक्का बसण्याआधी बिल वाचा, मागचे कितीही उसासे टाकोत. मोबाइल नंबर मागितला तर सरळ नाही म्हणा. नंबरासाठी ग्राहकाची अडवणूक करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. तरी कोणी हटून बसलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. फोनला पैसे पडत नाहीत.