यादी आधी, कारण मागाहून

२००७ साली ब्रिटनमध्ये एक मजेशीर गोष्ट उघडकीला आली. तिथल्या पदवी प्रवेशाचे अर्ज ज्या संस्थेमार्फत जातात त्या ‘यूकॅस’ने सुमारे ५० हजार उमेदवारांची आत्मनिवेदनं संगणकाकडून ताडून घेतली. त्यांत २३४ जणांनी एकच आठवण लिहिलेली सापडली. आठ वर्षांचे असताना रसायनशास्त्राच्या खेळसंचाशी खटपट करताना पायजम्याला भोक पडलं आणि तेव्हापासून विज्ञानाचं वेड लागलं, अशी ती आठवण. इतक्या पायजम्यांना एकाच वयात, एकाच कारणाने भोक पडणं अवघडच. आठवण इंटरनेटवरच्या एका नमुन्यातून उचललेली होती.

आपल्याकडे पायजम्याच्या जागी रेडिओ असतो. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर कुठलंही शहर घ्या, परदेशी एमएसची तयारी करणाऱ्या मुलांचे ‘एसओपी’ (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे प्रवेशासाठीचं निवेदन) वाचताना त्यात लहानपणी बंद पडलेला रेडिओ किंवा रिमोटची गाडी उघडून बघणारा मुलगा भेटतोच. मग डॉ. कलामांचं एक वाक्य येतं, मग अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट, आणि शेवटी ‘आपल्या जगविख्यात विद्यापीठातील अनुभवी प्राध्यापकवर्ग आणि अत्याधुनिक प्रयोगशाळा’. विद्यापीठाचं नाव तेवढं दर प्रतीत बदलायचं. कधीकधी तेही बदलायचं राहतं आणि टेक्सासला पाठवलेल्या अर्जात ॲरिझोनाचं गुणगान जातं.

याचं खापर बहुतेकदा इंग्रजीवर फुटतं. मराठी माध्यमातली पोरं, लिहायची सवय नाही, म्हणून नमुना वापरतात, असं पालक म्हणतात आणि कन्सल्टंटही म्हणतात. ते पटण्यासारखं नाही. उत्तम इंग्रजी लिहिणाऱ्या, कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलांचे एसओपीही असेच पोकळ असतात. खरा घोळ क्रमाचा आहे. एसओपी लिहायला बसण्याआधीच विद्यापीठांची यादी ठरलेली असते. दोन ‘अँबिशस’, तीन ‘मॉडरेट’, दोन ‘सेफ’. आणि ती ज्या कारणांनी ठरली ती कारणं एसओपीत लिहिता येण्यासारखी नसतात. मावसभाऊ डॅलसला आहे. सोसायटीतल्या जोश्यांचा मुलगा तिथेच गेला. कन्सल्टंटने सांगितलं की तुझ्या प्रोफाइलला इथे ‘ॲडमिट’ नक्की. क्रमवारीत नाव वर आहे, म्हणजे बाबांना नातेवाइकांत सांगायला बरं. या कारणांत लाज वाटण्यासारखं काही नाही, घर गहाण टाकून कर्ज काढणारं कुटुंब असा विचार करणारच. पण खरी कारणं कागदावर आणता येत नाहीत म्हटल्यावर खोटी बनवावी लागतात, आणि बनवलेली कारणं एकमेकांसारखी दिसतात.

हाच क्रम योग्य दिशेने लावला तर काय होतं, याचा एक जुना मराठी दाखला आहे. आनंदीबाई जोशींची गोष्ट मराठी घरांत ‘आनंदी गोपाळ’मुळे सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांच्या प्रवेशअर्जाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. १८८३च्या जूनमध्ये त्या अमेरिकेत पोचल्या आणि २८ सप्टेंबरला त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानियाला पत्र लिहिलं. वय १८. हातात ना कुठल्या विद्यापीठाची परीक्षा, ना गुणपत्रक. आजच्या कुठल्याही सल्लागाराने ‘वीक प्रोफाइल’ म्हणून बाजूला ठेवलं असतं.

त्या पत्रात आनंदीबाईंनी पहिल्यांदा आपली उणीव कबूल केली. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपल्याकडून पुऱ्या होणार नाहीत कदाचित, पण आपली परिस्थिती निराळी आहे, तिचा विचार व्हावा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग कारण दिलं. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण इथवर आलो आहोत. बालपणीची कुठलीही गोंडस आठवण त्यात नाही. वास्तविक सांगायला त्यांच्याकडे एक भयंकर आठवण होती. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहाच दिवसांत गेलं होतं.

ते पत्र कुणाला लिहिलं, हेही पाहायला हवं. फिलाडेल्फियाचं ते कॉलेज १८५० साली केवळ स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी स्थापन झालेलं. तिथे प्रमुख रेचल बॉडली या स्त्रीच. म्हणजे ‘मला स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर व्हायचं आहे’ हे वाक्य ज्या दारात सर्वांत जास्त अर्थपूर्ण ठरलं असतं, त्याच दारात ते म्हटलं गेलं. प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र हा होता. अर्ज, कॉलेज आणि प्रबंध, तिन्ही एकाच धाग्यातले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, बाविशी गाठण्याआधी, पुण्यात त्यांचं निधन झालं.

दुसरा दाखला याहून प्रसिद्ध. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे, करशास्त्राचे जाणते प्राध्यापक होते. आंबेडकरांचं ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं पुस्तक पुढे १९२५ मध्ये निघालं तेव्हा प्रस्तावना सेलिग्मन यांची होती आणि अर्पणपत्रिका सयाजीरावांना. पण सगळ्यांत बोलकी आहेत ती शिफारसपत्रं. आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला निघाले तेव्हा सेलिग्मन यांनी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी लिहिलं. १९२०मध्ये तेच फॉक्सवेल लंडन स्कूलच्या सचिवांना कळवतात की या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच मिळवली आहे, जिंकायला इथे यांच्यासाठी नवं जग उरलेलं नाही. शिफारस म्हणजे एका जाणकाराने दुसऱ्याला स्वतःच्या नावाच्या भरवशावर सांगितलेली गोष्ट. आजच्या अनेक कॉलेजांत ‘एलओआर’ विद्यार्थी स्वतःच टाइप करून नेतो, सर लेटरहेडवर सही करतात आणि शिक्का मारायला क्लार्कला शोधावं लागतं. एकाच वर्गातल्या तिघांना एकाच सरांनी एकाच वाक्यात ‘टॉप पाच टक्क्यांत’ बसवलेलं असतं.

कोलंबियाचं नाव निघालंच आहे तर क्रमवारीचंही बोलून टाकू. २०२२च्या सुरुवातीला त्याच विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी दाखवून दिलं की वर्गातली विद्यार्थिसंख्या, प्राध्यापकांच्या पदव्या यांसारखी जी आकडेवारी कोलंबियाने ‘यू. एस. न्यूज’च्या क्रमवारीसाठी पाठवली होती ती जुळत नाही. त्या वेळी कोलंबिया अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर होतं. सप्टेंबरमध्ये नवी यादी आली तेव्हा ते अठराव्या क्रमांकावर गेलं. या काळात तिथले वर्ग, ग्रंथालय, शिक्षक होते तेच होते. पुढच्या वर्षी कोलंबियाने पदवी शिक्षणाच्या त्या क्रमवारीत भाग घेणंच बंद केलं.

मराठी घरांत जी क्रमवारी देव्हाऱ्यात बसली आहे ती ‘क्यूएस’ची. तिचं गणित उघड आहे, ते निदान एकदा वाचावं. २०२४च्या आवृत्तीपासून त्यात ३० टक्के वजन प्राध्यापकांमधल्या नावलौकिकाला आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांमधल्या नावलौकिकाला आहे. म्हणजे जवळजवळ निम्मे गुण लोकांना विचारून काढलेल्या मतांचे. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाला १० टक्के. नगरच्या द्राक्षबागायतदाराच्या मुलीला वनस्पतिरोगशास्त्र शिकायचं असेल तर या एकत्रित आकड्यातून तिच्या हाती काय लागणार? कृषी आणि वनशास्त्राच्या विषयवार यादीत वर्षानुवर्षं अग्रस्थानी राहिलेलं नेदरलँड्सचं वाखेनिंगेन एकूण क्रमवारीत पहिल्या शंभरात नसतं. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातल्या मुलाला खाणकाम शिकायचं असेल तर कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स हे त्या विषयातलं पहिल्या ओळीचं नाव, पण एकूण यादीत ते कित्येक पानं खाली सापडतं. कॉम्प्युटरवाल्यांनाही हेच लागू आहे. मक्याच्या शेतांनी वेढलेलं इलिनॉय विद्यापीठाचं अर्बाना-शँपेन संकुल या विषयात अमेरिकेतल्या पहिल्या पाचांत धरलं जातं. एकूण क्रमवारीत मात्र काही अशी विद्यापीठं त्याच्या वर असतात, ज्यांच्या कॉम्प्युटर विभागाचं नाव त्या क्षेत्रातला माणूस क्वचित काढेल.

हे फक्त हौशी पालकांचं असतं तर सोडून देता आलं असतं. पण महाराष्ट्र सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही जागतिक क्रमवारीतल्या ठरावीक क्रमांकाच्या आतल्या विद्यापीठांशीच बांधलेली आहे. शासनाला काही चाळणी लागते, नाहीतर कुठल्याही दुकानवजा कॉलेजचं पत्र घेऊन लोक उभे राहतील, हे मान्य. मात्र चाळणी एकूण क्रमांकाची लावली की खाणकाम, शेती, चर्मतंत्रज्ञान, वस्त्रोद्योग असे विषय घेणारा विद्यार्थी आपल्या विषयातलं सर्वोत्तम ठिकाण सोडून बड्या नावाच्या, पण त्या विषयात यथातथा असलेल्या विभागाकडे ढकलला जातो. विषयवार याद्या क्यूएसच काढते. त्या वापरायला एक शासन निर्णय पुरेसा आहे, आणि शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत तो लवकर व्हावा.

आता कन्सल्टंट. त्यांतले बरेचजण प्रामाणिकपणे काम करतात, कागदपत्रांच्या जंजाळातून मुलांना बाहेर काढतात. तरी ज्या सल्ल्याला फी पडत नाही त्याचे पैसे कोण देतं, हा प्रश्न पालकांनी पहिल्याच भेटीत विचारावा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातली अनेक विद्यापीठं दाखल झालेल्या विद्यार्थ्यामागे एजंटाला कमिशन देतात, सहसा पहिल्या वर्षाच्या फीच्या ठरावीक टक्क्यांनी. हा व्यवहार बेकायदा नाही. पण मग यादीतली ‘सेफ’ नावं नेमकी कुणासाठी सेफ आहेत, हे कळायला हवं. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत मुळात फीच नसते किंवा नगण्य असते, त्यामुळे कमिशनही सहसा नसतं. जर्मनीचं नाव काढलं की काही कार्यालयांत विषय आयर्लंडकडे वळतो, त्यामागे हेही एक कारण असावं.

जर्मनीबद्दलही भाबडेपणा नको. ‘तिकडे शिक्षण फुकट’ हे वाक्य आता तपासून घ्यावं लागतं. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो लावले. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ही रक्कम सप्टेंबर २०२४ची. भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं ‘एपीएस’ प्रमाणपत्र सक्तीचं आहे. इतकं करूनही तिथे सर्वांत आधी पाहिलं जातं ते तुमच्या पदवीतले विषय त्यांच्या अभ्यासक्रमाशी किती जुळतात. मेकॅनिकलवाल्याने डेटा सायन्सविषयी कितीही ओढीने लिहिलं तरी गणित-संगणकाची श्रेयं कमी पडली की अर्ज बाद. म्हणजे ‘मोटिव्हेशन लेटर’ लिहिण्याआधी अभ्यासक्रमाची पुस्तिका वाचणं भागच आहे, आणि ती वाचताना अर्धी यादी आपोआप गळते.

ब्रिटनने अलीकडे केलेला एक बदल इथे उपयोगी पडेल. २०२६च्या प्रवेशापासून यूकॅसने पदवीसाठीचं सलग आत्मनिवेदन बंद करून तीन प्रश्न दिले आहेत. हाच विषय का? आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी काय तयारी झाली? शिक्षणाबाहेर काय केलं आणि त्याचा उपयोग काय? तिन्ही मिळून मर्यादा पूर्वीचीच, ४,००० अक्षरांची, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. हे निवेदन पाचही पसंतींना एकच जातं, म्हणून त्यात कुठल्या विद्यापीठाची स्तुती करायला वावच नाही. आपली बहुतेक मुलं मास्टर्सला जातात, त्यांना हा फॉर्म भरावा लागत नाही. तरी हे तीन प्रश्न जुलैमध्ये, यादी बनवण्याआधी, मराठीतून का होईना, स्वतःला विचारून पाहण्यासारखे आहेत. चौथा प्रश्न आपला आपण जोडावा: या विभागात असं काय आहे जे माझ्या यादीतल्या दुसऱ्या नावात नाही? एखादी प्रयोगशाळा, दोन विषय, कंपनीतल्या सहा महिन्यांच्या कामाची सोय, अगदी स्वस्त शहरही चालेल. ज्या नावापुढे या प्रश्नाचं उत्तर कोरं राहील तिथला अर्जाचा खर्च वाचवावा.

राहिला चॅटजीपीटी. ‘यूकॅस’ने सांगूनच टाकलं आहे की निवेदन किंवा त्याचा मोठा भाग एआयकडून लिहून घेऊन स्वतःचा म्हणून देणं फसवणूक ठरू शकतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने पदवी प्रवेशात निबंधाला गुण देणंच थांबवलं, निबंध वाचला मात्र जातो. तेव्हा यंत्राकडून व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही. ‘हाच विभाग का’ याचं उत्तर त्याला विचारलं तर ते सुरेख इंग्रजीत ‘जगविख्यात विद्यापीठ, अनुभवी प्राध्यापकवर्ग आणि अत्याधुनिक प्रयोगशाळा’ असंच काहीतरी लिहून देईल, कारण विचारणाऱ्याने त्याला दुसरं काही सांगितलेलंच नसतं.