खडकावरचा दिवा

मैत्रिणींनो, कंदिलाची काच पुसलेली आठवते का? तिन्हीसांजेच्या आत राखेनं काच घासायची, मऊ कापडानं लख्ख करायची, वात कातरून सारखी करायची. वात जरा वाकडी राहिली की काच काळी, आणि सासूबाईंचा चेहराही! आज सांगणार आहे तो दिवाही एका मुलीनं असाच सांभाळला. फरक एवढाच, की तो विझला तर बोटी खडकावर आदळायची भीती.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट नावाचं बंदर आहे. त्यात किनाऱ्याजवळच लाइम रॉक हा खडक. दीपगृह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरा येतो. इथे तसं काही नव्हतं. 1857 साली बांधलेलं साधं दुमजली घर आणि त्याच्या कोपऱ्याला जोडलेला दिवा. रखवालदार होसिया लुईस बायकामुलांसह तिथे राहायला आले आणि काही महिन्यांतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मुलगी आयडा तेव्हा पंधरा वर्षांची. आईच्या बरोबरीनं तिनं दिवा हाती घेतला.

सूर्यास्ताला तेल भरायचं, मध्यरात्री उठून पुन्हा भरायचं, वात कातरायची, दिव्यामागच्या आरशावरची काजळी पुसायची, उजाडलं की दिवा मालवायचा. शिवाय घरात आजारी वडील, आजारी बहीण. धाकट्या भावंडांना होडीनं शाळेत पोचवायचं तेही हिनंच. म्हणजे बघा, सुट्टी कधीच नाही!

होडी मात्र ती अशी वल्हवी की पुरुषांनी बघत राहावं. बुडणाऱ्याला बाजूनं ओढलं तर होडी कलंडते, मागच्या टोकाकडूनच आत घ्यावं, हे वडिलांनी शिकवलेलं. 1867 च्या हिवाळ्यात एक मेंढी पाण्यात पळाली. तिच्यामागे गेलेल्या तिघांची होडी बुडाली. आयडानं तिघांना किनाऱ्याला आणलं आणि मग परत जाऊन मेंढीही आणली! 29 मार्च 1869 ला वादळात दोन सैनिकांची होडी उलटली. आयडाला तेव्हा सर्दी झालेली. पण अंगात कोट नाही, पायांत बूट नाहीत, तशीच धाकट्या भावाला घेऊन ती धावली. दोघेही वाचले. तिचं चित्र वर्तमानपत्रांत झळकलं, त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ग्रँट न्यूपोर्टला येऊन तिला भेटले. आणि बाईनं वल्ही मारणं शोभतं का, याचीही चर्चा झाली. बुडणाऱ्यांनी नसावी केली.

1870 मध्ये तिचं लग्न झालं, पण संसार जमला नाही. दोनेक वर्षांत ती खडकावर परतली.

आता खरी गोष्ट ऐका. कागदोपत्री रखवालदार वडीलच होते. 1872 मध्ये ते गेले, तर नेमणूक आईच्या नावे झाली. आयडाची स्वतःची नेमणूक व्हायला 1879 साल उजाडलं. बावीस वर्षं काम हिचं, सही दुसऱ्याची! गल्ल्यावर दिवसभर आपण बसतो आणि दुकानाच्या पाटीवर नाव ‘यांचं’ असतं, त्यातलाच प्रकार. 1881 मध्ये सरकारनं तिला सुवर्णपदक दिलं. ते छानच, पण मला विचाराल तर त्या नेमणुकीच्या कागदाची किंमत जास्त.

24 ऑक्टोबर 1911 ला ती त्याच घरात गेली. त्या रात्री बंदरातल्या बोटींनी घंटा वाजवल्या. 1924 मध्ये खडकाला तिचं नाव मिळालं. पुढे तिथली दीपगृहाची सोय बंद झाली, तेव्हा घर ओस पडायचं. तसं झालं नाही. 1928 मध्ये शिडाच्या बोटी चालवणाऱ्यांचा क्लब तिथे आला, त्यालाही तिचंच नाव दिलं. वावर राहिला की घर टिकतं. कुलूप लावलेल्या वाड्याचं काय होतं ते आपण गावोगाव पाहतोच.

क्लबच्या निशाणावर दीपगृह आहे आणि अठरा तारे. वाचवलेल्या एकेका माणसाचा एकेक. मेंढीला काही तारा मिळालेला नाही!