उंच काचेचे वारे

मोटारसायकलला कंपनीने दिलेली बुटकी काच दिसली, की ओळखपाळख नसलेला माणूससुद्धा थांबून सांगतो, "ही तळहाताएवढी काच काढा हो! बाजारातली उंच बसवा. वारा लागणार नाही!"

वारा लागणार नाही! वारा म्हणजे काय वर्गणीवाले आहेत, दार लावलं की पुढच्या घरी जायला? काचेने अडवलेला वारा नाहीसा होत नाही. तो वरच्या कडेवरून उसळतो, भोवरे करतो आणि नेमका हेल्मेटवर आदळतो. बुटक्या काचेमागे तो छातीवर येतो, पण सरळ समोरून, सभ्य माणसासारखा. भलत्या उंचीच्या काचेमागे तो दोन्ही कानशिलांत आळीपाळीने देतो. पुण्याहून निघून खंबाटकी घाट येईपर्यंत मान नंदीबैलाची आणि कानांत पिठाची गिरणी!

मग आणखी उंच काच घ्यावी, तर रस्ता तिच्यातूनच पाहायचा. मोटारसायकलच्या काचेला वायपर नसतो, हे विकणारा कशाला सांगेल? पावसाळी रात्री समोरून ट्रक आला, की काचेवरचा थेंब न् थेंब आपापली दिवाळी साजरी करतो. खड्डा तेवढा अंधारात. म्हणून काचेची कड नजरेच्या खाली, नाकाच्या आसपास हवी. पण नाक ज्याचं त्याचं! सव्वापाच फुटी आणि सहा फुटी, दोघांच्या गळ्यात एकच काच 'युनिव्हर्सल' म्हणून मारतात. अहो, चपलासुद्धा आपण पाय घालून बघतो.

काळी काच लावणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. ते रात्री घरी पोचले, की बोलू.