सत्त्याऐंशीने भागलेले घर

रहिमतपूर स्टेशन पुणे-मिरज मार्गावर असल्याने गाडी आपल्या मुलांना नवी नाही. पण पुण्याला गेलात तर कोथरूडमधले भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय त्यांना जरूर दाखवा. ते १९९८ पासून सुरू आहे. तिथल्या गाड्यांइतकेच आम्हाला मोल वाटते ते त्यांच्याभोवती वसवलेल्या शहराचे.

अशा मांडणीत जगभर रूढ असलेले एक प्रमाण १:८७ आहे. प्रत्येक माप सत्त्याऐंशीने भागायचे, की वीस फुटांची भिंत सात सेंटीमीटर होते. सामान घरातलेच: लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, डिंक, गवतासाठी रंगवलेला भुसा, मातीसाठी वाळवलेली चहाची पूड.

जुने घर पाडून स्लॅबचे बांधायचे ठरले असेल, तर त्याआधी मुलांच्या हाती टेप द्या आणि त्यांना दादीजवळ बसवा. चूल कुठे होती, वजूचे पाणी कुठे ठेवत, कोणती खिडकी नंतर बुजवली, हे फोटोत दिसत नाही; दादी सांगतील. पुठ्ठ्याचे घर वाकडे झाले तरी चालेल. भिंती पडल्यावर मात्र मोजायला काही उरत नाही.