लावणीनंतरचा सारीपाट



कल्याणहून कसाऱ्याकडे निघालं की शहाडच्या पुढचं स्टेशन आमचं आंबिवली. लावणी उरकली, पाऊस लागून राहिला, की हात थोडे मोकळे होतात. अशा वेळी घरातली पोरं मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतात. त्यांना नुसतं रागावू नका. ओटीवर खडूनं सारीपाट आखा आणि हाक मारा.

मध्ये एक चौकोन, त्याच्या चार बाजूंना चार पट्ट्या. प्रत्येक पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी. मधल्या ओळीच्या टोकाच्या घरावर फुली, तशीच बाजूच्या दोन्ही ओळींत टोकापासून चौथ्या घरावर. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही.

कवड्या नसल्या तर तीन चिंचोके फोडून सहा अर्धुकं करा. दोन ते सहा पांढरी पडली तर तितकीच घरं. एकच पांढरं पडलं तर दहा, एकही नाही तर पंचवीस! यावरूनच पचिशी हे नाव. सहा, दहा, पंचवीसला पुन्हा दान. पहिली सोंगटी कुठल्याही दानावर निघते, पुढच्या मात्र या तीन दानांवरच.

प्रत्येकाच्या चार सोंगट्या. आपल्या मधल्या ओळीतून खाली उतरायचं, घड्याळाच्या उलट दिशेनं बाहेरून फेरी मारायची आणि त्याच ओळीतून घरी यायचं. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. आजी आणि नातू एका बाजूला बसवा, मग बघा गंमत!

लुडो येणारं पोर हे एका संध्याकाळीत शिकेल, कारण 1896 साली इंग्लंडात पेटंट घेतलेला लुडो या पचिशीवरूनच निघाला. तिकडचा बॅकगॅमनही याच जातीचा: 24 घरं, दोन फासे, प्रत्येकी 15 सोंगट्या.

आता खरी शिकवण. अर्धुकं दोन्ही अंगांवर सारखीच पडतात असं धरलं, तर त्यांच्या पडण्याच्या 64 तऱ्हा होतात. त्यातल्या 20 तऱ्हांनी तीनचं दान पडतं, पंचवीसचं फक्त एका तऱ्हेनं. म्हणून पंचविशीची वाट बघत बसणारा मागे राहतो. तिनातिनानं, फुली धरत चालणारा पुढे जातो. पावसाचं दान आपल्या हाती नाही, पण सोंगटी कुठली हलवायची हे आपल्याच हाती. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मात्र एक पथ्य पाळा. पैज लावायची नाही, चिंचोक्याचीसुद्धा नाही. सारीपाटात म्हाळसेकडून हरल्यावर खंडोबा बाणाईच्या घरी मेंढरं राखायला राहिला, ही कथा आपण ऐकत आलो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 34 व्या सूक्तातही जुगाऱ्याला हेच बजावलं आहे, की फासे सोड आणि शेती कर. 2025 साली केंद्र सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण कायदा आपल्या ओटीवर येऊन बसत नाही. तिथं आईबापांनीच बसायला हवं.

पोरगं हरून रुसलं तर रुसू द्या. सोंगटी मेली की पुन्हा पहिल्यापासून निघायचं, हे घरच्या ओटीवर शिकलेलं बरं. बाहेर शिकायला गेलं तर भाताचे पैसे जातात.

तर मंडळी, आज जेवणं उरकली की पट मांडा. पहिलं दान आजीचं!