घोड्याचं नाव लिहिलंय, माणसांचं नाही



‘लढाईचं चित्र काढा’ म्हटलं, की वर्गात बहुतेकांच्या वहीत एकच चित्र उतरतं. मध्ये उमदा घोडा, त्यावर सेनापती, हातात तलवार. मोठमोठे चित्रकारही बहुधा हेच करत आले.

आपल्या सिद्धेश्वर धरणात पूर्णेचं पाणी येतं ना? त्याच पूर्णेला वर जालना जिल्ह्यात केळणा मिळते, आणि केळणेला जुई. या केळणा-जुईच्या बेचक्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. इंग्रज जिंकले. पुढे त्यांच्या देशात या लढाईचं चित्र छापलं गेलं. त्यात घोड्यावरून फौजेला हुकूम देणारा वेलस्ली आहे. तेव्हा तो अवघा ३४ वर्षांचा होता.

त्या दिवशी त्याचा एक घोडा गोळी लागून मेला, दुसऱ्याला भाला लागला. या दुसऱ्याचं नाव डायोमीड. तेसुद्धा लिहून ठेवलंय बरं का! इंग्रजांकडचे ४२८ ठार, हजारावर जखमी. त्यांत मद्रासकडचे शिपाई कितीतरी, म्हणजे आपल्याच देशातली माणसं. आणि मराठ्यांकडचे? त्यांची नीट मोजदादच नाही, नुसते अंदाज. एवढी हानी पुन्हा बघायला नको, असं खुद्द जिंकलेल्या वेलस्लीनं लिहिलं.

हाच पुढे वेलिंग्टन झाला. १८१२ साली स्पेनमधल्या माद्रिद शहरात गोया नावाच्या चित्रकारानं त्याचं चित्र काढलं. लाल कोट, छातीवर पदकं. दोन वर्षांत आणखी मानाची पदकं मिळाली, तर गोयानं तीही रंगवून दिली! (१९६१ साली हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीतून चोरीला गेलं आणि चार वर्षांनी परत मिळालं. ती गंमत पुन्हा कधीतरी.)

पण त्याच काळात गोया दुसरीच चित्रं करत होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायची, काळी-पांढरी. भुकेनं रस्त्यात पडलेली माणसं. पोराला ओढत पळणारी आई. प्रेतांचे ढीग. सेनापती शोधूनही सापडत नाही. ही चित्रं गोयाच्या हयातीत बाहेर आलीच नाहीत. तो १८२८ साली वारला, आणि ८० चित्रांचा संच निघाला १८६३ साली! मला तर पदकांच्या चित्रापेक्षा हीच खरी वाटतात.

तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात, घरच्या कॅलेंडरवर लढाईचं एखादं चित्र असेलच. त्यात घोड्याच्या टापांपाशी, अगदी कोपऱ्यात कोण आहे? त्याला चेहरा काढलाय, की नुसती पाठ? नीट पाहा आणि पोस्टकार्डावर मला कळवा.